सभा उधळली तर पोलिसांनी उठवायचं कुणाला?

प्रश्न: जालना जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी परवानगी घेऊन मैदानात व्याख्यान ठेवलं होतं. पंधरा-वीस जण घोषणा देत मंचाकडे आले. पोलिसांनी वक्त्यालाच गाडीत बसवून नेलं, सभा बंद केली आणि लोक पांगत असताना लाठ्या चालवल्या. हे कायद्यात बसतं का? आता काय करता येईल?

उत्तर: वक्त्याला थोडा वेळ बाजूला नेणं एखाद्या वेळी बसतं. सभा बंद करणं क्वचित बसतं. पांगत चाललेल्या माणसाच्या पाठीत लाठी घालणं कधीच बसत नाही. या तीन गोष्टी तक्रारीतही वेगवेगळ्या मांडा. एकत्र कालवल्या की ‘परिस्थिती हाताबाहेर जात होती’ या एका वाक्यात तिन्हींची वासलात लागते.

समोरचे चिडलेत म्हणून बोलू नका, हे कारण चालत नाही. रंगराजन विरुद्ध जगजीवन राम या १९८९ च्या खटल्यात, एका तमिळ चित्रपटाला झालेल्या विरोधावरून, सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. निदर्शनांच्या धमकीपुढे झुकून अभिव्यक्ती दाबता येत नाही, आणि विरोधी जमाव आवरत नाही ही सबब सरकारला सांगता येत नाही. बोलणं आणि धोका यांचं नातं दारूगोळ्याच्या कोठारात पडलेल्या ठिणगीइतकं थेट असलं तरच बंदी. म्हणजे आधी मंचाभोवती कडं करायचं आणि गोंधळ घालणाऱ्यांना बाहेर काढायचं. पण बंदोबस्ताला सहा शिपाई असले की वीस जणांना उचलण्यापेक्षा एका वक्त्याला गाडीत बसवणं सोपं पडतं. फौजदार तेच करतो. त्याची अडचण कळते, पण अडचण म्हणजे अधिकार नव्हे.

विरोध करणाऱ्यालाही तोंड आहे, हेही विसरू नका. लांबून काळे झेंडे दाखवले, दोन-चार घोषणा दिल्या, सभात्याग केला, हे त्याचं स्वातंत्र्य. माइक हिसकावला, शाई फेकली, वायर तोडली, वाट अडवली की विषय बदलतो: बळाचा वापर, नुकसान, अटकाव असे भारतीय न्याय संहितेतले गुन्हे लागतात. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून मतदानापर्यंत मतदारसंघातल्या राजकीय सभेला तर खास संरक्षण आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ नुसार सभा उधळणं दखलपात्र गुन्हा आहे. अध्यक्षाने विनंती केली तर पोलीस संशयिताला नाव-पत्ता विचारू शकतात आणि त्याने तो सांगितला नाही तर वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अध्यक्षाने ती विनंती करायची असते, हे बहुतेक आयोजकांच्या गावीही नसतं.

वक्त्याची मर्यादा संविधानाच्या कलम १९(२) मध्ये, म्हणजे अभिव्यक्तीवर वाजवी बंधनं घालू देणाऱ्या कलमात आहे. व्यवहारात न्याय संहितेचं कलम १९६ (गटागटांत वैर वाढवणं) आणि २९९ (धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणं) लावलं जातं. सरकारवर टीका, निर्णयाचा निषेध, कडवट भाषा यांत बसत नाही. कोल्हापूरच्या एका प्राध्यापकावर व्हॉट्सॲप स्टेटसवरून दाखल झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये याच भूमिकेतून रद्द केला. मार्च २०२५ मध्ये खासदार व कवी इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं. शब्दांचा परिणाम खंबीर, धीट मनाच्या माणसाच्या मापाने मोजायचा, हळव्याच्या नाही. आणि बोलण्या-लिहिण्यावरून तीन वर्षं किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी शिक्षेचा आरोप असेल, तर गुन्हा नोंदवण्याआधी उपअधीक्षकाच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करावी. तिला मुदत १४ दिवसांची. तुमच्या वक्त्यावर त्याच रात्री घाईने १९६ लावलं असेल तर वकिलाला हा मुद्दा आधी दाखवा.

आता कागद. लोक ‘१४४ लागलंय’ म्हणतात, पण आपल्याकडे बहुतेक वेळा लागलेलं असतं महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७(१) आणि (३), म्हणजे शस्त्रबंदी आणि जमावबंदी. (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालंय.) छत्रपती संभाजीनगर शहरात तो आदेश पोलीस आयुक्त काढतात. जालना, बीड, परभणी अशा जिल्ह्यांत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून निघतो. जमावबंदी सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांवर चालत नाही, म्हणून सणवार, आंदोलनं पाहून पंधरवड्यागणिक नवा आदेश निघत राहतो. असा आदेश म्हणजे आपोआप सभाबंदी नव्हे. माजलगावच्या जुन्या ईदगाह मैदानावर नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध बसू पाहणाऱ्यांना याच कलमाखालच्या आदेशावरून परवानगी नाकारली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो आदेश रद्द केला आणि एका कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असं नोंदवलं. मराठवाड्यात परवानगी नाकारली गेली की पहिल्यांदा हाच निकाल पुढे ठेवावा.

वक्त्याला नेलं ते कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागा. बहुधा उत्तर येईल ‘६८-६९’. पोलीस कायद्याच्या ६८ नुसार पोलिसांच्या वाजवी सूचना पाळायच्या असतात. न पाळणाऱ्याला ६९ खाली हटवता येतं आणि किरकोळ प्रकरणात प्रसंग सरला की सोडून देता येतं. इथे ‘वाजवी’ या शब्दावर लढायचं. त्याऐवजी प्रतिबंधक अटक, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं १७० (जुनं १५१) सांगितलं, तर माणूस दखलपात्र गुन्हा करण्याच्या बेतात होता हे दिसलं पाहिजे, आणि तीही २४ तासांपुरतीच.

लाठीकडे येऊ. नागरिक सुरक्षा संहितेच्या १४८ (जुनं १२९) खाली जमाव पांगवण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी देऊ शकतो. तो नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. हवालदाराच्या तोंडी ‘मारा रे’ने लाठीमार कायदेशीर होत नाही. क्रम ठरलेला आहे: हुकूम, तो जमावाने न मानणं, मग बळ. बळ वापरायच्या आधी इशारा मेगाफोनवर, मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असा हवा आणि निघून जायला वेळ व वाट हवी. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मैदानाला एकच फाटक, पोलिसांची रांग त्याच बाजूला. लोक पळणार कुठे? ते पोलिसांच्याच अंगावर येतात आणि नंतर कागदावर ‘जमाव चालून आला’ असं लिहिलं जातं. लाठी कमरेखाली, मांड्या-पोटऱ्यांवर मारायची, डोकं आणि गळपट्टीचं हाड टाळायचं असं शिकवलेलं असतं. गर्दी पांगू लागली की हात थांबला पाहिजे. डोक्याचे टाके आणि पाठीवरचे वळ म्हणूनच बोलके पुरावे असतात: एक नियम मोडल्याचा, दुसरा माणूस पाठ फिरवून चालला होता याचा.

तुमच्याच जिल्ह्यात, अंतरवाली सराटीला, १ सप्टेंबर २०२३ च्या लाठीमारानंतर गृहमंत्र्यांना माफी मागावी लागली आणि पोलीस अधीक्षक सक्तीच्या रजेवर गेले. पण आयोजकही सुटत नाहीत. दिल्लीच्या रामलीला मैदानावर २०११ मध्ये मध्यरात्री झोपलेल्या लोकांवर कारवाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पोलिसांना दोषी धरलं, पण भरपाईचा २५ टक्के भार आयोजक ट्रस्टवरही टाकला.

आता करायचं ते. जखमींना आजच सरकारी दवाखान्यात न्या आणि एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून जखमांची वैद्यकीय नोंद) करायला सांगा. केसपेपरवर ‘मारामारी’ नको, ‘पोलिसांच्या लाठीने’ असं लिहून घ्या. डॉक्टर कुचराई करत असतील तर सांगितलेला इतिहास तरी नोंदवायला लावा. वळांचे फोटो मोजपट्टी शेजारी धरून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा, कारण रंग चोवीस तासांनी जास्त गडद उठतो. मोबाइलमधल्या मूळ फाइल तशाच ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीत चित्र दबतं आणि वेळेची माहिती निघून जाते. मैदानाभोवतीच्या दुकानांचं चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं, ते आधी मागून घ्या. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण १८ महिने जपावं असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. त्याचा हवाला देऊन ‘नष्ट करू नये’ असा अर्ज द्या.

तक्रार ठाण्यात द्या. घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली पोस्टाने अधीक्षकांकडे, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. मानवी हक्क आयोगाला घटनेपासून एका वर्षाच्या आत. पण खरी घाई पोलीस कायद्याच्या कलम १६१ ची आहे. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावरचा खटला सहा महिन्यांत दाखल झाला नाही तर अडतो. सरकारची मंजुरी असेल तरच दोन वर्षं. नेमकं कोणतं कृत्य त्यात येतं यावर वाद होतो, पण पोलिसांचा वकील हे कलम काढणारच असं धरून चाला. घटनेची तारीख आणि सहा महिने पुरे होण्याची तारीख, दोन्ही फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या सभेच्या अर्जाची आवक क्रमांकासह पोहोचही त्याच फाइलला लावत चला.