धाकटीला कुणीही घेईल, थोरलीला तुम्हीच घ्या

ताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. धाकटी १८ दिवसांची, थोरली सव्वादोन वर्षांची. थोरली बाळाचे पाय ओढते, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलीय, रात्री तुम्हाला सोडत नाही. साताऱ्यात घरी सासू-सासरे आहेत, नवरा आहे, तरी सगळं विस्कटलंय, तुम्हाला रडू येतंय. आणि तुमची आई म्हणतेय, ‘थोरलीला तिथंच आजीजवळ ठेव, बाळाला घेऊन सव्वा महिना माहेरी ये, जरा पाठ टेकेल.’ जाऊ का, असं तुम्ही विचारलंय.

थोरलीला ठेवून जाऊ नका. तुमच्या आईची माया खरी आहे, तुमची दमणूकही खरी आहे, तरीही जाऊ नका. का ते सांगते.

मी सांगलीची, विश्रामबागला राहते. मलाही दोन मुलीच. धाकटी झाली तेव्हा थोरली दोन वर्षं चार महिन्यांची होती. माझं पहिलं बाळंतपण माहेरी पलूसला झालं, दुसरं मात्र इथंच. आणि घरातल्या सगळ्यांनी अगदी प्रेमानं एक वाटणी करून टाकली. बाळाला आई लागते, म्हणून मी आणि बाळ आतल्या खोलीत. थोरलीचं सगळं बाकीच्यांनी करायचं. आजी तिला देवळात न्यायची, आजोबा गाडीवरून फिरवून आणायचे, आत्या आली की मोबाईल हातात द्यायची. आंघोळ, जेवण, झोप, काहीच माझ्याकडे नव्हतं. मला वाटायचं, किती नशीब माझं, सगळे किती करतात.

पंधरा-सोळा दिवस झाले असतील. दुपारी बाळाला पाजत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, कारण असं काहीच नव्हतं. थोरली दारात उभी होती. आत आली नाही. तशीच वळली आणि सासूबाईंना सांगायला गेली, ‘आजी, बाळाची आई रडती.’

बाळाची आई! दोन आठवड्यांत मी तिची आई राहिले नव्हते. हे वाक्य आजही आठवलं की पोटात तुटतं.

आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालायला एक मावशी यायच्या. हळदीच्या पेठेजवळ राहायच्या, चाळीसेक वर्षं हेच काम केलेल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना हे सांगितलं. बाळाच्या पाठीला तेल चोळता चोळता त्या म्हणाल्या, ‘वैनी, बारकीला दूध पाजायचं आन् द्यायची कुनाच्याबी मांडीवर. तिला ऊब मिळाली की झालं. तुमी थोरलीला धरा. तिला समदं कळतंय.’

मला मिळालेला सगळ्यात मोलाचा सल्ला हाच. बाळ आईचा वास आणि आवाज पहिल्या दिवसापासून ओळखतं हे खरं. पण त्याची गरज दूध, ऊब, कोरडं लंगोट आणि कुणाची तरी मांडी एवढीच असते, आणि त्यातलं दूध सोडलं तर बाकी सगळं घरातलं कुणीही करू शकतं. सव्वादोन वर्षांच्या पोरीला मात्र आजी ही आईच्या जागी चालत नाही, कितीही लाडकी असली तरी. आपल्याकडे वाटणी नेमकी उलटी होते.

मग आम्ही ती फिरवली. पाजून झालं की बाळ सासूबाईंच्या नाहीतर सासऱ्यांच्या खांद्यावर. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं त्यांच्याकडे. आणि थोरलीचं संध्याकाळचं जेवण आणि निजवणं माझ्याकडे. शिवाय रोज दुपारी पंधरा-वीस मिनिटं फक्त तिची. मला बाहेर जायची मुभा नव्हती, म्हणून आम्ही दोघी मागच्या दाराच्या पायरीवर बसायचो. जानेवारी होता, ह्यांनी हरभऱ्याच्या डहाळ्याच्या जुड्या आणल्या होत्या. ती घाटे तोडून वाटीत टाकायची, मी सोलायचे, चार दाणे चेचून तिच्या तोंडात घालायचे. बोलणं फार नसायचं. पहिल्या दिवशी तर ती माझ्याकडे पाठ करूनच बसली होती. आठव्या-नवव्या दिवशी टेकून बसली. रोज तीच वेळ आणि तीच जागा ठेवा. केव्हा तरी तासभर मिळण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं तिला जास्त भरवशाची वाटतात, कारण ती त्यांची वाट बघू शकते.

आता सगळ्यात अवघड वेळ, पाजण्याची. तान्हं बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध मागतं. एकेकदा अर्धा तास धरला तरी दिवसाचे चार-सहा तास तुम्ही एका जागी अडकलेल्या. आणि थोरली नेमकी तेव्हाच ग्लास सांडणार, भिंतीवर रेघोट्या ओढणार, बाळाचा पाय ओढणार, कारण तिला दिसतंय की आता आई उठू शकत नाही. मी एक बुरडाची छोटी पाटी केली होती. त्यात जुन्या लग्नपत्रिका, मोठ्या लाकडी चमच्यांचा जोड, एक डबा आणि त्याची झाकणं, दोन चित्रांची पुस्तकं. ही पाटी फक्त बाळ प्यायला लागलं की खाली यायची आणि संपलं की वर जायची. डब्यात थोडे चुरमुरे. सांगलीत भडंगाशिवाय घर नसतं, पण त्यातला एकेक शेंगदाणा मी आधी वेचून काढायचे. अख्खा शेंगदाणा चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या घशात अडकू शकतो, आणि मांडीवर बाळ असताना तुम्हाला धावता येणार नाही. थोरलीला डाव्या कुशीत घ्यायचं, बाळ उजवीकडे, आणि एका हातानं पुस्तकाची पानं उलटायची. दोन्ही पोरी अंगाला लागून असल्या की ओढाओढी कमी होते.

ती एकदा म्हणाली, ‘मला पण दूदू.’ सासूबाई दचकल्या. मी म्हटलं, ये. दोन सेकंद तोंड लावलं, तोंड वाकडं करून निघून गेली आणि पुन्हा कधी मागितलं नाही. अंथरूण ओलं करण्याचंही तसंच. रागावू नका, कुणाला रागावू देऊ नका, पाहुण्यांसमोर तर त्याचा उल्लेखसुद्धा नको. रबरी शीट घाला, मुकाट्यानं चादर बदला. लहान झालं की आई मिळते, असा तिचा साधा हिशोब आहे. लहान न होताही आई मिळतेय असं दिसलं की हे आपोआप जातं. आमच्याकडे दोन-अडीच महिने लागले.

‘तू आता मोठी झालीस ना’ हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करा. सव्वादोन वर्षांची पोर मोठी नसते. ‘गप्प, बाळ झोपलंय’, ‘आत्ता नाही, बाळाला पाजतेय’ हेही जमेल तेवढं टाळा. दिवसातून वीस वेळा बाळाच्या नावावर नकार ऐकला तर तिला बाळ आवडणार कसं? त्याऐवजी कधीकधी तिला ऐकू जाईल असं बाळालाच थांबवा. ‘थांब गं बाळ, आधी ताईला भात कालवून देते.’ बाळ पाळण्यात सुरक्षित असेल, पोट भरलेलं असेल, तर एक मिनिट रडल्यानं त्याचं काही बिघडत नाही. थोरलीच्या चेहऱ्यावर त्या एका मिनिटात जे उमटतं ते तुम्हीच बघा.

हात उगारला तर तिचा हात धरा, ‘मारायचं नाही’ एवढंच म्हणा आणि मध्ये बसा. मारून मारू नये हे शिकवता येत नाही. आणि दोघींना खोलीत एकट्या कधीही सोडू नका, दारावर कुरिअर आलं तरी. प्रेमानं उचलायला गेली तरी ती बाळाला पाडू शकते, झोळी असेल तर ओढू शकते. रात्री बाळाचं अंथरूण वेगळं, तुमच्या हाताशी, बाळ उताणं. थोरली त्याच्या शेजारी नको, झोपेत पाय-पांघरूण तोंडावर जातं. आम्ही क्रम लावला होता: बाळ, मी, मग थोरली, तिच्यापलीकडे तिचे बाबा.

ह्यांची नोकरी कुपवाडच्या एमआयडीसीत, पाळी बदलायची. तरी एक गोष्ट आम्ही ठरवून केली. रात्री नऊला मी पाजून झोपायचे आणि बाळ पुन्हा भुकेनं उठेपर्यंत ते ह्यांच्याकडे, सेकंड शिफ्ट असेल तर सासूबाईंकडे. कधी बारा वाजायचे, कधी साडेअकरालाच हाक यायची. पण ते अडीच-तीन तास सलग असायचे, आणि सलग झोपेनं माणूस माणसात येतं. नवऱ्याला ‘मदत कर’ म्हणू नका. अमुक वेळ तुझी, असं वाटून द्या. मदत मागावी लागते, वाटणी मागावी लागत नाही.

एका गोष्टीवर थोडं जास्त लिहिते, कारण तुम्हालाही दुसरी मुलगीच आहे. बघायला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी म्हणणारच, ‘दुसरीपण मुलगीच का?’ आमच्याकडे बारशाच्या दिवशी तीन बायका म्हणाल्या. थोरली माझ्या मांडीवर होती. तिला शब्द कळले नसतील, पण सूर कळला. तुमच्याच जिल्ह्यात २०११ साली ‘नकोशी’ नाव ठेवलेल्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली होती. त्यात शाळकरी मुलीही होत्या, नाव बदलून मिळतंय म्हणून आनंदलेल्या. नाव कागदावर नसलं तरी असं एकेक वाक्य मुलीला तेच सांगत असतं. चौथ्या बाईला सासूबाईच म्हणाल्या, ‘आम्हाला दोन्ही हव्या होत्या.’ मला वाटतं त्या दिवशी आमच्यातलं काजळाचं आणि शेगडीच्या धुरीचं भांडण निम्मं मिटलं. (काजळ घालू नका आणि बंद खोलीत धूर करू नका, हे मी तरीही सांगेन.) घरातल्या मोठ्या माणसाला हे वाक्य आधीच सांगून ठेवा. पाहुण्यांना दारातच सांगा, आधी थोरलीशी बोला, मग आत या. आणि हात धुवून.

हात धुण्यावरून आठवलं. थोरली बाहेरून सर्दी-खोकला घरी आणेल, ते टळत नाही. तिला बाळाच्या तोंडाचा नाही, पायाचा पापा घ्यायला शिकवा. पण बाळ दूध ओढेनासं झालं, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास भराभर चालला, छाती आत ओढली जायला लागली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. तान्ह्याच्या तापाला घरगुती औषध नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात, त्यांच्याकडून बाळाचं वजन नीट करून घ्या. थोरलीचा दीड ते दोन वर्षांतला डोस राहिला नाही ना, तेही कार्डावर बघा. माझ्या उलट्यांच्या दिवसांत आमचा राहून गेला होता, नंतर पूर्ण केला. आणि दुसरी मुलगी म्हणून मातृवंदना योजनेचे ६,००० रुपये मिळू शकतात, अंगणवाडीत विचारा.

तुमचं रडू. पहिल्या दोन आठवड्यांत उगाच रडू येणं पुष्कळ बायकांना होतं. पण त्यानंतरही रोज येत असेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, बाळाकडे बघून काहीच वाटत नसेल किंवा भीतीचे विचार येत असतील, तर डॉक्टरांना सांगा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर फुकट आहे आणि रात्रीही चालतो. मी तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांना सांगितलं. सांगायला लाज वाटली होती, आता वाटते ती सांगायला उशीर केल्याची.

किती दिवस, असं तुम्ही विचारलंय. सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळांचं रडणं सगळ्यात जास्त असतं, मग हळूहळू ओसरतं. म्हणजे अजून महिनाभर हे वाढल्यासारखं वाटेल. तुमचं काही चुकतंय म्हणून नाही, त्या वयाचं ते असतंच. आमच्याकडे तिसरा महिना संपताना घर रुळावर आलं. थोरली मला पुन्हा ‘आई’ कधी म्हणायला लागली तो दिवस माझ्या लक्षातच नाही, एके दिवशी कळलं की ‘बाळाची आई’ बरेच दिवस ऐकलं नाही.

माहेरी जावंसं वाटतंच असेल तर जा, पण थोरलीला घेऊन. आईला सांगा, ‘बाळाला तू सांभाळ, मी हिच्याबरोबर झोपते.’ जाताना तिची उशी, तिचं फुलपात्र आणि रोजची गोधडी न धुता तशीच न्या, घरच्या वासासकट.