भगवा हा मुख्य रंग धरून संकेतस्थळाची रंगसंगती कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये बनवावी?

गावच्या वाचनालयाचं संकेतस्थळ तुम्ही करताय, बोधचिन्हाचा भगवा ठरलेला आहे, त्याच्या जोडीचे रंग हवेत आणि सॉफ्टवेअर फुकट हवं, असा तुमचा प्रश्न आहे. सॉफ्टवेअर भरपूर आहेत आणि बहुतेक चांगलीच आहेत. पण भगव्याच्या बाबतीत एक गोष्ट आधी तपासून घ्या.

अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक मोजणारा वेबएआयएमचा कॉन्ट्रास्ट चेकर ब्राउझरमध्ये उघडा. लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१ (प्रत्येक आकडा ० ते २५५ पैकी) असा भगवा घ्या आणि त्यावर पांढरी अक्षरं ठेवून बघा. गुणोत्तर (फरक जितका जास्त, तितका आकडा मोठा) येतं जेमतेम २.१. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५ लागतं, मोठ्या अक्षरांना ३. म्हणजे भगव्या बटणावर पांढरी अक्षरं ही सर्रास दिसणारी जोडी दोन्हीकडे नापास होते. त्याच भगव्यावर काळी अक्षरं ठेवलीत तर गुणोत्तर १० च्या जवळ जातं. देवनागरीत तर याकडे जास्तच लक्ष द्यायला हवं. अनुस्वार, रफार, उकार मुळातच बारीक असतात आणि अक्षरं फिकी पडली की आधी तेच दिसेनासे होतात. ‘घर’ आणि ‘घरं’ यांत फरक एका टिंबाचाच आहे, आणि वाचनालयात येणारे कितीतरी वाचक साठीच्या पुढचे असतात.

आता सॉफ्टवेअर. कूलर्स या रंग सुचवणाऱ्या संकेतस्थळावर स्पेसबार दाबला की पाच नवे रंग येतात, आवडलेला रंग कुलूप लावून ठेवता येतो. तुम्ही भगव्याला कुलूप लावा आणि बाकीचे बदलत राहा. अडोबी कलर (२००६ मध्ये ते कूलर नावाने सुरू झालं होतं) रंगचक्रावरून पूरक, शेजारचे, त्रिकोणी अशा जोड्या काढून देतं. सुरुवातीला काहीच सुचत नसेल तेव्हा ही दोन्ही उत्तम. पण ती देतात पाच सुंदर पट्ट्या, आणि संकेतस्थळाला लागतात कामं वाटून घेणारे रंग: पार्श्वभूमी, मजकूर, दुवे, बटणं, रेषा. माझ्या मते तीन वेगळे रंग आणि त्यांच्या फिकट-गडद छटांची नीट उतरंड असली की वाचनालयाचं काम भागतं.

ही उतरंड बनवायला ओकेएलसीएच ही रंग आकड्यांत सांगायची पद्धत वापरा, असं मी आग्रहाने सांगेन. छटा, तीव्रता आणि उजळपणा यांवरून रंग सांगणाऱ्या जुन्या एचएसएल पद्धतीत शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा, दोघांचाही उजळपणा ५० टक्के दाखवतात. प्रत्यक्षात पांढऱ्यावर पिवळ्याचं गुणोत्तर १.०७ आणि निळ्याचं ८.६! डोळ्यांना दिसणारा उजळपणा त्या आकड्यात उतरतच नाही. ब्यॉर्न ओटोसन यांनी २०२० मध्ये ओकेलॅब ही रंगपद्धत मांडली, ती नेमकी ही अडचण कमी करते. ओकेएलसीएच हे तिचंच रूप. २०२३ पासून सगळे प्रमुख ब्राउझर ते थेट सीएसएसमध्ये, म्हणजे संकेतस्थळाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, समजतात. ओकेएलसीएच डॉट कॉमवर उजळपणा, रंगाची तीव्रता आणि रंगछटा यांच्या सरकपट्ट्या मिळतात. छटा तशीच ठेवून उजळपणा उतरवत न्या, म्हणजे भगवा हळूहळू तपकिरीकडे जातो; छटा थोडी लालकडे सरकवली तर विटकरीकडे. लाल १७९, हिरवा ७१, निळा ० हा रंग त्याच घरातला दिसतो आणि पांढऱ्यासोबत ५.५ देतो. दुवे आणि बटणं याची करा. मूळ भगवा वरच्या पट्टीला ठेवा, अक्षरं मात्र काळी.

छायाचित्रावरून रंग काढायची सोय अडोबी कलर आणि गिंप हे चित्रं संपादित करायचं मोफत सॉफ्टवेअर, दोन्हीत आहे. बाग, देऊळ, पुस्तकांचं कपाट यांवर ती छान चालते. पैठणीच्या फोटोवर मात्र निराशा होते. मोरपंखी नीट उचलला जातो, जरीच्या जागी मळकट तपकिरी येतो, कारण जरीचं सौंदर्य चकाकण्यात असतं आणि सपाट रंगात ती चकाकी येत नाही.

वाचकसंख्येचे तक्ते किंवा तालुक्याचा नकाशा टाकणार असाल तर रंग स्वतः निवडू नका. नकाशाशास्त्रज्ञ सिंथिया ब्रूअर यांचं कलरब्रूअर त्यासाठीच आहे. कमी-जास्त दाखवायला, मधल्या बिंदूपासून दोन्ही बाजूंना जायला आणि नुसते गट वेगळे करायला अशा तीन प्रकारच्या रंगमाला त्यात आहेत. रंगांधांना चालणाऱ्या तेवढ्याच निवडताही येतात.

यावरून आठवलं: ‘पुस्तक उपलब्ध’ हिरव्यात आणि ‘बाहेर गेलं’ भगव्यात, असं दाखवायचा मोह होईल. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्यांना हे दोन रंग सारखेच भासू शकतात. कलर ओरॅकल हे मोफत सॉफ्टवेअर अख्खा पडदा त्यांच्या नजरेने दाखवतं. रंगासोबत शब्दही लिहा.

रंग ठरले की गिंपच्या पॅलेट फाइलमध्ये साठवा. ती साधी मजकुराची फाइल असते, दर ओळीत तीन आकडे आणि एक नाव. इंकस्केप आणि क्रिता ही चित्रं काढायची सॉफ्टवेअरही ती वाचतात, त्यामुळे उद्या फलक किंवा पत्रक दुसऱ्या कुणी केलं तरी रंग हलत नाहीत. नावं ‘दुवा’, ‘बटण’, ‘मजकूर’ अशी कामावरून द्या. पत्रक छापणार असाल तर एक नमुना प्रत आधी काढून घ्या. पडद्यावरचा तेजस्वी भगवा चार शाईंच्या छपाईत मंदावतो, आणि किती मंदावला हे कागदावरच कळतं.