थ्रेट इंटेलिजन्स ॲनालिस्ट दिवसभर नेमकं काय करतो? हॅकिंग येत नसेल तर हे काम जमेल का?

तुम्ही लिहिलंय की बी.एससी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहात, कोडिंग ठीकठाक जमतं, हॅकिंग येत नाही, आणि हे डार्क वेबवरच्या गुप्तहेराचं काम असावं असं वाटतंय. त्या गुप्तहेरापासूनच सुरुवात करतो, कारण मीही त्याच समजुतीने यात आलो होतो. तसलं काही नसतं. थ्रेट इंटेलिजन्स म्हणजे कुठला सायबर धोका आपल्यावर येऊ शकतो ते ओळखून संबंधितांना वेळेत, कामाला येईल असं सांगणं. माझा निम्म्याहून जास्त आठवडा वाचण्यात जातो आणि उरलेल्यातला बराचसा लिहिण्यात. आई शेजारीपाजारी सांगते की हा पोलिसांच्या कॉम्प्युटरवर असतो. मी दुरुस्ती करणं सोडून दिलंय.

काम कसलं असतं ते कळण्यासाठी एका शुक्रवारची गोष्ट सांगतो.

१० ऑगस्ट २०१८. अमेरिकेच्या एफबीआयने त्या दिवशी बँकांना एक खासगी इशारा पाठवला. त्याचा आशय असा, की सायबर गुन्हेगार येत्या काही दिवसांत जगभरातल्या एटीएममधून एकदम पैसे काढण्याच्या बेतात आहेत आणि त्यासाठी कार्ड देणाऱ्या कुठल्यातरी संस्थेत शिरकाव झालेला असावा. या धंद्यात याला 'अनलिमिटेड ऑपरेशन' म्हणतात, कारण खात्यातली शिल्लक आणि दिवसाची मर्यादा या दोन्ही गोष्टी आधीच निकामी करून ठेवलेल्या असतात. रविवारी तिकडच्या एका पत्रकाराने तो इशारा छापला. तोवर पुण्यात व्हायचं ते होऊन गेलं होतं. शनिवारी, ११ तारखेला, कॉसमॉस बँकेच्या बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून साधारण ७८ कोटी रुपये निघाले, सुमारे १२ हजार व्यवहारांत. भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी गेले. त्यातली काही मशिनं कोल्हापुरातली होती. सोमवारी स्विफ्टवरून, म्हणजे बँका एकमेकींना परदेशी पैसे पाठवायचे निरोप देतात त्या जाळ्यावरून, १३.९२ कोटी हाँगकाँगच्या खात्यात पोचले. सगळे मिळून ९४ कोटींच्या वर.

युक्ती समजायला अवघड नाही. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा स्विचकडे, म्हणजे एटीएम आणि बँक यांना जोडणाऱ्या यंत्रणेकडे जाते, आणि स्विच ती कोअर बँकिंगकडे, म्हणजे बँकेच्या मुख्य खातेवहीकडे नेतो: खातं आहे का, शिल्लक आहे का? चोरांनी मध्येच स्वतःचा खोटा स्विच उभा केला. विचारणा बँकेच्या खातेवहीपर्यंत पोचायचीच नाही. गल्ल्यावर मालकाच्या जागी भलताच कुणी बसलाय आणि येणाऱ्या प्रत्येकाला 'द्या, द्या' म्हणतोय, असा प्रकार.

मी तेव्हा पुण्यातच दुसऱ्या एका कंपनीत सॉकमध्ये, म्हणजे चोवीस तास सायबर पहारा ठेवणाऱ्या कक्षात, रात्रपाळी करायचो. म्हणजे स्क्रीनवर अलर्ट येणार, आपण तिकीट उघडणार, आपणच बंद करणार. बातमी आली तेव्हा आम्ही सगळे चहाच्या टपरीवर हॅकर किती हुशार यावरच बोलत होतो. पुढे थ्रेट इंटेलमध्ये आल्यावर मला वेगळाच प्रश्न छळायला लागला. तो शुक्रवारचा इशारा माझ्या मेलबॉक्समध्ये आला असता तर मी काय केलं असतं? खरं उत्तर लाजिरवाणं आहे. 'माहितीसाठी' असं लिहून मी तो पुढे ढकलला असता आणि घरी गेलो असतो.

आणि त्यात काय लिहिलं होतं? जगात कुठेतरी, कुठल्यातरी बँकेवर, येत्या काही दिवसांत. 'यंदा पाऊस पडेल' म्हणण्यासारखंच. शेतकऱ्याने त्यावर पेरणी करायची की नाही?

आता ११ ऑगस्टचं कॅलेंडर बघा. दुसरा शनिवार. बँकांना सुट्टी, पाठोपाठ रविवार. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेचे ८.१ कोटी डॉलर मनिलात गेले, तेव्हाही वेळ अशीच निवडलेली होती. हल्ला गुरुवारी रात्री झाला. ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार, आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. हे ज्याच्या डोक्यात आहे त्याने शुक्रवारी संध्याकाळी चार ओळी लिहिल्या असत्या: उद्या दुसरा शनिवार आहे. स्विचवर कामाला कोण आहे? परदेशातून तासाभरात एकूण किती रक्कम निघू द्यायची याला काही मर्यादा घातली आहे का? हा मार्ग बंद करायचा अधिकार कुणाला आहे, आणि त्यांचा मोबाइल नंबर रात्रपाळीच्या माणसाकडे आहे का?

चोरी टळलीच असती असा माझा दावा नाही. पण मला पगार मिळतो तो या चार ओळींचा. एफबीआयचा इशारा ही माहिती झाली. तिचं आपल्या बँकेसाठी, उद्यापुरतं, फोन उचलणाऱ्या माणसाला समजेल असं काहीतरी करायचं, हे आमचं काम.

दुसरं काम म्हणजे शब्द तोलणं. हे कॉलेजात कुणी शिकवत नाही. सीआयएमध्ये शर्मन केंट नावाचे विश्लेषक होते. १९५१ मध्ये त्यांच्या कार्यालयाने अहवाल दिला की युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'गंभीर शक्यता' आहे. नंतर त्यांनी तोच अहवाल तयार करणाऱ्या सहकाऱ्यांना विचारलं की या शब्दांतून तुमच्या मनात किती टक्के होते. उत्तरं २० पासून ८० पर्यंत आली! एकाच कागदावर सह्या करणारी माणसं ही. आपल्याकडे हवामान खात्याने यावर चांगला तोडगा काढलाय. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणं, 'काही ठिकाणी' म्हणजे ५० पर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ७५ पर्यंत, 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याच्या वर. लोक रेडिओवर ऐकून हसतात, पण त्या प्रत्येक शब्दामागे आकडा बांधलेला आहे. आमच्या अहवालातही 'शक्यता', 'दाट शक्यता', 'जवळजवळ नक्की' यांचे अर्थ ठरलेले असतात, आणि जोडीला आमची खात्री किती तेही वेगळं लिहावं लागतं. नवीन मुलांच्या अहवालातून मी सर्वांत जास्त वेळा खोडतो तो शब्द 'निश्चितच'.

मुंबईचं उदाहरण घ्या. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढे २०२१ च्या फेब्रुवारीअखेरीला रेकॉर्डेड फ्युचर या कंपनीचा अहवाल आला की 'रेडएको' असं नाव दिलेला, चीनशी संबंधित एक गट भारताच्या वीज क्षेत्रात शिरकाव करतोय. पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रं, म्हणजे विजेचा पुरवठा आणि मागणी यांचा मेळ घालणारी केंद्रं, त्याच्या लक्ष्यांत आहेत. दुसऱ्या दिवशी मथळे झळकले: चीनने मुंबईची बत्ती गुल केली. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री घातपाताची शंका बोलून दाखवत होते, केंद्राचे ऊर्जामंत्री मानवी चूक म्हणत होते. आणि मूळ अहवालात? त्यात स्पष्ट लिहिलं होतं की वीज जाण्याशी याचा संबंध सिद्ध झालेला नाही. लिहिणाऱ्याने आपलं काम चोख केलं होतं. तरी ते वाक्य कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तेव्हापासून 'हे आम्ही म्हणत नाही आहोत' असं वाक्य मी पहिल्याच परिच्छेदात टाकतो, शेवटी नाही.

'हे कुणी केलं' या प्रश्नाचं आकर्षण सगळ्यांनाच असतं, ग्राहकांना तर फारच. कॉसमॉसच्या बाबतीत संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ मध्ये उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. पुण्याच्या कोर्टात २०२३ मध्ये शिक्षा झाली ती ११ जणांना, आणि ते इथे कार्ड घेऊन एटीएमपुढे उभे राहिलेल्या टोळीतले. एखाद्या पतसंस्थेच्या व्यवस्थापकाला प्योंगयांग कळून काय करायचंय? त्याला आपल्या स्विचचा पासवर्ड कुणाकुणाकडे आहे ते कळायला हवं.

माझी एक फजिती सांगतो. पहिल्याच वर्षी एका परदेशी अहवालातले संशयास्पद आयपी पत्ते, म्हणजे संगणकांचे इंटरनेटवरचे पत्ते, मी उचलले आणि थेट ब्लॉकच्या यादीत टाकले. त्यातला एक पत्ता शेकडो साइट्स ज्याच्यामागे असतात अशा सामायिक सीडीएनचा, म्हणजे साइट्स लवकर पोचवणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्याचा, निघाला. आमच्या एका ग्राहकाचं डीलर लोकांचं पोर्टल त्याच्याचमागे. सकाळी अडीच तास ऑर्डर बंद. साहेबांनी आरडाओरडा केला नाही, फक्त विचारलं, "अहवालाची तारीख बघितलीस का?" आठ महिने जुना होता. आयपी भाड्याच्या खोलीसारखे असतात, चोर केव्हाच सोडून गेलेला असतो. डेव्हिड बियांको यांनी २०१३ मध्ये 'पिरॅमिड ऑफ पेन' मांडला तो यावरच. फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, फाइलमधला एक बाइट बदलला की बदलतो, आयपी चहाच्या पैशांत मिळतो. चोराला खरा त्रास होतो तो त्याची कामाची सवय ओळखली गेली की. सुट्टी गाठणं ही अशीच एक सवय.

रोजच्या कामातला मला सर्वांत जड जाणारा भाग म्हणजे स्टीलर लॉग. रेडलाइन, लुमा अशा नावांचे मालवेअर क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून वगैरे संगणकात घुसतात, ब्राउझरमधले सगळे पासवर्ड आणि कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या फाइली) उचलतात, आणि ते गठ्ठे, म्हणजेच हे लॉग, टेलिग्रामवर विकले जातात. आमच्या ग्राहकाचं एखादं खातं त्यात आहे का हे शोधायला मी ते उघडतो. ऑफिसच्या व्हीपीएनचा पासवर्ड सापडतो, पण त्याच्या वरखाली अख्खा माणूस पसरलेला असतो. आयआरसीटीसी, मुलीच्या शाळेचं ॲप, नोकरी शोधायची साइट, स्थळांची साइट. पासवर्डमध्ये मुलाचं नाव आणि जन्मसाल. तो माणूस मला ओळखत नाही आणि मी त्याला सांगूही शकत नाही की मला तुमचं इतकं ठाऊक आहे. तो पासवर्ड चालतो का हे 'तपासून बघायचं' नाही, हे पहिल्या दिवसापासून पक्कं ठेवा. हेतू कितीही चांगला असला तरी परवानगीशिवाय लॉगिन करणं आयटी कायद्यात बसत नाही. घरी बायको विचारते आज काय झालं, तर मी म्हणतो "टीएलपी रेड", म्हणजे बैठकीतल्या माणसांच्या बाहेर जायचं नाही अशी माहिती. आता ती भाजी काय आणायची विचारलं की तेच उत्तर देते.

हॅकिंगचं म्हणाल तर घुसता येणं गरजेचं नाही, पण चोर घुसला कसा हे वाचून कळायला हवं. नेटवर्कची मूळ माहिती हवी, यंत्रणांच्या नोंदी, म्हणजे लॉग, वाचता यायला हवेत, यादीतून यादी गाळण्याइतकी पायथन ही प्रोग्रामिंग भाषा यायला हवी. मध्यंतरी माझ्या मामांनी व्हॉट्सॲपवर आलेलं ई-चलानचं एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, उघडलं. त्यांना आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लावला, मग ती फाइल मी मागवून घेतली. आत एसएमएस वाचायची परवानगी आणि ओटीपी जिकडे जायचे त्या टेलिग्राम बॉटची किल्ली, अगदी उघड्यावर लिहिलेली. हे बघायला जेडॅक्स नावाचं फुकटचं साधन आणि एक दुपार पुरते. त्याच किल्लीची आणखी एपीके सापडतात का, त्यांतली कुठली कुठल्या बँकेचं नाव वापरतात, हे शोधणं म्हणजे आमचं काम. फ्रेशरला थेट हे पद क्वचितच मिळतं. बहुतेक जण सॉकमधून येतात आणि त्या रात्रपाळ्या वाया जात नाहीत.

एक तक्रार नोंदवून ठेवतो. या क्षेत्रातलं चांगलं लेखन इंग्रजीत होतं आणि मोठ्या बँकांसाठी होतं. जुलै २०२४ च्या शेवटी छोट्या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या मालवेअरचा) हल्ला झाला, यूपीआयसारखे व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला तात्पुरतं बाजूला काढलं आणि जवळपास ३०० छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांचे व्यवहार अडकले. अशा बँकेत सायबर सुरक्षा म्हणजे ईडीपी, म्हणजे संगणक विभागातला एकच माणूस, जो प्रिंटरही दुरुस्त करतो. त्याच्यासाठी मराठीत अर्धं पान लिहिणारं मला फारसं कुणी दिसत नाही.

तेव्हा सर्टिफिकेटवर पैसे घालवण्याआधी हे करून बघा. अमेरिकन सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये 'फास्टकॅश' नावाने या एटीएम चोऱ्यांच्या पद्धतीवर सूचना काढली होती, ती फुकट वाचायला मिळते. ती वाचा आणि एका काल्पनिक नागरी सहकारी बँकेच्या ईडीपीवाल्याला मराठीत दहा ओळींचं टिपण लिहा: आज संध्याकाळपर्यंत त्याने काय तपासावं, कुणाला फोन करावा. 'निश्चितच' हा शब्द न वापरता. मला मेसेजमध्ये पाठवलंत तर लाल पेन घेऊन वाचेन. दुसरा शनिवार असेल तर उत्तर रविवारनंतर येईल, त्या दिवशी मी कामावर असतो.