समुद्राला राग येतो का? – पालकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांची आहे, आम्ही गुहागर तालुक्यात समुद्राच्या अगदी जवळ राहतो. गोष्ट म्हटली की ती जेवण सोडून येते पण सायन्सचं चित्रांचं पुस्तक काढलं की पळून जाते. आजी तिला सांगते समुद्राला राग आला की भरती येते. हे खोडून काढू की राहू दे? आणि गोष्टीतून विज्ञान शिकवायचं म्हंजे नक्की करायचं काय? – एक आई

ताई, आजीला खोडून काढू नका, घरात उगाच भांडण नको. पण रागाची गोष्ट एका बाबतीत लंगडी आहे, राग काही वेळापत्रक बघून येत नाही आणि भरती तर रोज दोनदा येते. हेच मुलीच्या लक्षात येईल अशी गोष्ट रचायची, बस. एक पोरगी आहे, चिंगी म्हणा, ती पुळणीवर, म्हंजे किनाऱ्याच्या वाळूत, चपला काढून शिंपले वेचायला जाते आणि परत येते तर एक चप्पल गायब. चिंगी समुद्राला म्हणते माझी चप्पल दे नाहीतर कट्टी. दुसऱ्या दिवशी ती हुशारी करते, पाणी सगळ्यात वर कुठे आलं तिथे काठी रोवते आणि बाबांना किती वाजले विचारते. तिसऱ्या दिवशी परत. रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकलेली! इथे थांबायचं आणि मुलीला विचारायचं, का गं असं होत असेल? ती काहीही सांगेल, सांगू दे. मग दोघी-तिघी मिळून खरंच काठी रोवून या. (पावसाळ्यात नको, आणि मोठं माणूस सोबत हवंच, उधाणाचं पाणी मस्करी करत नाही.)

चंद्र यायचा तो यानंतर. चंद्र पाणी ओढतो, आणि तोही रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तेवढीच उशिरा. पाच वर्षांच्या मुलीला एवढं पुरे, दोनदा का येते ते आठवी-नववीत बघेल. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका ओळीत येतात आणि दोघांची ओढ एकत्र होते म्हणून उधाण, म्हंजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास ती एकमेकांना आडवी पडते म्हणून भांगाचं पाणी, म्हंजे भरती लहान. आणि आजीला या गोष्टीत घ्याच! आपल्याकडच्या जुन्या माणसांचा हिशोब असतो ना, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. मिनिटाला मिनिट जुळत नाही पण अंदाज बरोबर येतो. चिंगीला हा हिशोब गोष्टीतल्या आजीनेच शिकवू दे, म्हंजे घरातली आजी पण खूश, आणि माझ्या मते कॅलेंडरसमोर उभं राहून नातीला पाऊणपट शिकवण्यासारखा सायन्सचा तास दुसरा नाही.

एक सांभाळा, शेवटी "तर मुलांनो यावरून काय शिकलो" असली व्याख्या चिकटवायची नाही. तिथेच मूल उठून जातं आणि बरोबर करतं.

प्रश्न : अंगणवाडीत मी प्राण्यांच्या गोष्टी सांगते. एका पालकांनी आक्षेप घेतला की प्राणी बोलत नाहीत, मुलं खोटं शिकतील. – अंगणवाडी सेविका, मंडणगड

बोलू द्या हो. प्राणी बोलतो हे मुलाला खेळ म्हणून कळतंच, मांजर आपल्याशी बोलत नाही हे त्याला रोज दिसतं. मात्र जगतो कसा ते खोटं सांगू नका. तुम्ही वेळासच्या, म्हंजे कासवं अंडी घालायला येतात त्या गावाच्या जवळच्या, तर कासवाचंच घ्या. ऑलिव्ह रिडले मादी रात्री वाळूत खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळूने झाकते आणि समुद्रात निघून जाते. परत बघायला येत नाही. आपल्या गोष्टींची सवय अशी की शेवटी आई भेटलीच पाहिजे, आणि नेमकी तिथेच गडबड होते, कारण ही आई भेटत नाही. पिल्लं साधारण पन्नास दिवसांनी वाळू उपसत एकदम वर येतात आणि रात्री समुद्राकडचं उजळ आकाश बघून धावतात. आता गोष्टीत कोणीतरी किनाऱ्यावर मोठा दिवा लावला असेल तर? पिल्लू "अरे समुद्र इकडेय!" म्हणत उलट्या बाजूला निघतं. मुलं ओरडतात, दिवा बंद करा! आता बोलणारं पिल्लू असून यात खोटं काय शिकवलं सांगा. मोठ्या मुलांना अजून एक गंमत द्या, वाळू गरम असेल तर माद्या जास्त निपजतात, थंड असेल तर नर.

प्रश्न : मुलगा सहाचा, त्याला फक्त चोर-पोलीस हवं. त्यात कसलं सायन्स घालणार? – एक बाबा, सावंतवाडी

उलट तुमचं काम सोपं आहे. बशीत हळदीचं पाणी ठेवा, त्याला कळू न देता खायचा सोडा टाका, पिवळं पाणी लालसर होतं. "हळदीला लाल कोणी केलं?" संशयित तीन वाट्यांत, मीठ, साखर, सोडा. इन्स्पेक्टरसाहेब नव्या हळदीच्या पाण्यात एकेक टाकून चोर पकडतील, मग लिंबू पिळून हळद परत पिवळी करतील. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीला चुना लावूनच लाल होतं हे आईकडून वदवून घ्या. पुढची केस कोकमाच्या आगळाची, म्हंजे घट्ट रसाची, पाणी घालून पातळ केलेल्या आगळात सोडा टाकला की फेस येतो आणि लाल रंग काळपट-जांभळट होतो. प्यायला देऊ नका, चव अगदी बेकार.

प्रश्न : तीच गोष्ट रोज हवी असते, मला कंटाळा येतो. – एक आई

रोज तीच सांगा, फक्त एक गोष्ट मुद्दाम चुकवा. समजा गोष्ट मिठाची आहे, तर शिरोड्याच्या मिठागरात ऐन आषाढात मीठ पिकवा आणि बघा तुम्हाला कोण अडवतं. नाहीच अडवलं तर ताटलीत मिठाचं पाणी घालून एक ताटली उन्हात ठेवा, दुसरी पावसात, आणि उद्या दोन्ही मुलालाच बघायला लावा.