गावपातळीवरच्या आरोग्य स्वयंसेविकांना सुरक्षित बाळंतपणाबद्दल नेमकं काय शिकवावं?

स्वयंसेविका जेमतेम शिकलेल्या, हातात चार दिवस, मग काय घ्यायचं, असा तुमचा प्रश्न आहे. काय गाळायचं ते आधी सांगते: गर्भाशयाची आकृती, संप्रेरकं, प्रसूतीच्या अवस्था. त्यांना बाळंतपण करायचं नाहीये. धोका ओळखायचा, वेळेत पाठवायचं आणि घरच्यांकडून आधीच तयारी करून घ्यायची.

धोक्याची लक्षणं सगळ्याजणी घडाघडा म्हणून दाखवतात, पण घरात गेल्यावर ओळखत नाहीत. म्हणून यादी पाठ करून घेऊ नका, प्रसंग द्या. ‘आठवा महिना, कालपासून डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे धूसर दिसतंय, चेहरा सुजलाय. घरचे म्हणतात, झोप झाली नाही.’ हिला आजच्या आज पाठवायचं. रक्तदाब वाढून झटके येऊ शकतात, उद्यापर्यंत थांबायला वाव नाही. असेच प्रसंग अंगावरून रक्त जाणं, ताप, कळा नसताना पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं यांवर बेता.

रक्तस्रावाला अर्धा दिवस द्या. अर्धा लिटर पाण्यात लाल रंग कालवून ते जुन्या चादरीवर ओता आणि माप न सांगता अंदाज विचारा. बहुतेकजणी कमी सांगतील, कारण कापड रक्त पिऊन टाकतं. मग तेवढंच पाणी दुसऱ्या कापडावर हळूहळू सोडा. भळाभळा वाहिलं की कुणीही घाबरतं. संथ पण न थांबणारी धार नजरेतून सुटते. बाळंतपणानंतर ५०० मिलिलिटर ही धोक्याची खूण मानतात खरी, पण रक्त कमी असलेली बाई त्याआधीही कोसळू शकते. मापाची वाट बघायची नाही, हे दोनदा सांगा.

बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला लावा. नवजात बाळ मध्येच काही सेकंद थांबून श्वास घेतं, त्यामुळे अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं की आकडा चुकतो. बाळ शांत असताना पोटाकडे बघून मोजायचं. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचं. परत तेवढेच आले तर दवाखाना. दोघींना एकाच वेळी मनात मोजायला सांगून आकडे ताडून बघा, फरक लगेच कळतो.

लोहाच्या गोळ्या बायका का सोडतात? शौच काळी होते, पोट साफ होत नाही. हे होणार हे आधीच सांगितलं की निम्मी भीती जाते. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही.

बाळंतपणाची तयारी आठव्या महिन्याच्या आत ठरावी: दवाखाना कोणता, रात्री गाडी कोण आणणार, पैसे, सोबत कोण, रक्त द्यायला कोण. हे बोलणं एकट्या गरोदर बाईशी करून उपयोग नसतो. घरात ज्याच्या शब्दाशिवाय गाडी निघत नाही, तो माणूस समोर हवा. हे बोलणं वर्गात नाटक करून घोटवून घ्या. खेकसणारा नातेवाईक तुम्ही स्वतः व्हा.

बाळंतपणानंतरच्या भेटी: पहिल्या २४ तासांत, तिसऱ्या दिवशी, ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान आणि सहाव्या आठवड्यात. पहिली सगळ्यांत महत्त्वाची आणि तीच जास्त चुकते.

चार दिवस सलग मात्र घेऊ नका. दोन आधी, उरलेले दोन महिनाभराने. मधल्या काळात प्रत्येकीसोबत निदान एका गृहभेटीला जा. आणि ज्या दवाखान्यात पाठवणार, तिथल्या नर्सशी स्वयंसेविकांची ओळख आधीच करून द्या. पाठवलेली बाई दारातून परत आली, तर त्या घरात स्वयंसेविकेचं पुन्हा कुणी ऐकत नाही.