सेरामपूरसारख्या बॅप्टिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांमधला एक पंथ) कॉलेजात पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होण्यासाठी नक्की काय शिकवतात? पदवीनंतर पुन्हा चार वर्षं तिथे घालवावीत का?

मी सेरामपूरला बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, पाळकपदासाठीची पदवी) केलं आणि आता नगर जिल्ह्यात पाळक म्हणून सेवा करतो. तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, पाळकपदाची ओढ आहे, पण घरचे म्हणतात, "बायबल घरी बसूनही वाचता येतं, त्यासाठी चार वर्षं कशाला?" घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. वाचायला खरंच सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं कॉलेज, लागत नाही. पण मंडळीसमोर, म्हणजे चर्चमधल्या लोकांसमोर, उभं राहून तेच वचन उलगडून सांगायचं, आजाऱ्याच्या खाटेशी बसायचं, मयताच्या घरी पहिला शब्द बोलायचा, भावकीच्या भांडणात दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचं, याला तयारी लागते. ती चार वर्षं त्या तयारीची असतात.

आधी पत्ता नीट सांगतो, कारण आपल्याकडे हमखास गोंधळ होतो. हे नगरचं श्रीरामपूर नव्हे. हे बंगालमधलं, हुगळी नदीच्या पश्चिम काठावरचं, हावड्याहून लोकलने जायचं गाव. नदीपलीकडे बराकपूर, मधे फेरीबोट. एके काळी ही डेन्मार्कची वसाहत होती आणि कॉलेज इथे उभं राहिलं त्याचं कारणही तेच. विल्यम कॅरी हा इंग्लंडमधला जोडे शिवणारा माणूस 1793 साली बंगालमध्ये आला, पण ईस्ट इंडिया कंपनीला तिच्या मुलखात मिशनरी नको होते. डॅनिश अधिकाऱ्यांनी आसरा दिला, म्हणून 1800 साली कॅरी सेरामपूरला आला. जोशुआ मार्शमन हा शिक्षक आणि विल्यम वॉर्ड हा छपाईतला माणूस, हे दोघे त्याचे सोबती. तिघेही बॅप्टिस्ट. 1818 साली त्यांनी कॉलेज काढलं. 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला सनद देऊन पदव्या द्यायचा अधिकार दिला. पुढे 1845 मध्ये डॅनिशांनी गाव इंग्रजांना विकलं, तेव्हाही कॉलेजचे हक्क शाबूत राहिले.

या इतिहासातली एक गोष्ट तुमच्या निर्णयाच्या कामाची आहे. पहिल्या तुकडीत 37 विद्यार्थी होते आणि त्यांत हिंदू मुलंही होती. नुसती उपदेशकांची शाळा काढणं संस्थापकांना सोपं गेलं असतं. त्यांनी संस्कृत, पौर्वात्य साहित्य आणि युरोपातलं विज्ञान एकाच छपराखाली आणलं, आणि भावी उपदेशकाला त्यातच बसवलं. या देशात शुभवर्तमान, म्हणजे येशूचा संदेश, सांगायचं तर ते इथल्याच माणसांनी, इथली विद्या शिकून सांगायला हवं, ही त्यांची पक्की धारणा होती. पुढच्या पिढ्यांना हे नेहमी पेललं नाही. 1883 मध्ये कला शाखेचं शिक्षण बंद झालं आणि फक्त उपदेशकांचं प्रशिक्षण उरलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज हॉवेल्स प्राचार्य असताना दोन्ही बाजू पुन्हा जोडल्या गेल्या, आणि राजाच्या सनदेखालच्या पहिल्या बी.डी. पदव्या 1915 मध्ये दिल्या गेल्या. सनद मिळून तोवर 88 वर्षं झाली होती!

आज तिथले बहुतेक विद्यार्थी आजूबाजूच्या गावांतले बंगाली तरुण-तरुणी आहेत, कलकत्ता विद्यापीठाची बी.ए., बी.एस्सी. करणारे. ईश्वरविज्ञान (थिऑलॉजी) विभाग, जिथे आम्ही शिकायचो, त्या मानाने लहान. मला हे फार मोलाचं वाटतं. चार वर्षं फक्त भावी पाळकांतच राहिलो असतो, तर माझी भाषा देवळाच्या चार भिंतींपुरती झाली असती. चहाच्या टपरीवर रसायनशास्त्राचा मुलगा विचारायचा, "तुम्ही लोक दिवसभर नेमकं काय शिकता?" त्याला कळेल असं सांगता येणं ही मोठी परीक्षा होती.

तर काय शिकवतात? जुना करार, नवा करार, ख्रिस्ती मंडळीचा इतिहास, सिद्धांत, नीतिशास्त्र, इतर धर्मांचा अभ्यास, समाजाचं विश्लेषण, दलित ईश्वरविज्ञान (दलितांच्या अनुभवातून केलेला श्रद्धेचा विचार), स्त्रियांचा दृष्टिकोन, उपदेशशास्त्र, समुपदेशन. शिवाय ग्रीक आणि हिब्रू, बायबलच्या मूळ भाषा. ग्रीकला घाबरू नका. सुरुवातीचे काही महिने क्रियापदांची रूपं घोकण्यात जातात, मग एके दिवशी योहानाच्या शुभवर्तमानातलं पहिलं वाक्य मुळातून वाचता येतं आणि सगळा शीण जातो.

पण घडवलं कशाने, असं विचाराल तर मी समुपदेशनाचा तास सांगेन. दवाखान्यात जाऊन एखाद्या रुग्णाला भेटायचं, आणि खोलीवर आल्यावर झालेलं बोलणं आठवेल तसं शब्दशः लिहून काढायचं. रुग्ण काय म्हणाला, आपण काय म्हणालो, कोण कुठे गप्प बसलं. नाव-गाव गाळायचं आणि ते वर्गात वाचायचं. एका सोबत्याच्या कागदावर होतं, दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "ऑपरेशनच्या दिवशी मुलगा येणार नाही म्हणतोय." त्यावर त्याचं उत्तर होतं, "चला, आपण प्रार्थना करू या." सरांनी त्याला तिथेच थांबवलं आणि शांतपणे विचारलं, "ही प्रार्थना बाईंसाठी होती, की तुला पुढे काय बोलावं ते सुचत नव्हतं म्हणून?" वर्गात कोणी हललं नाही. आजही कुणाच्या घरी जातो तेव्हा तो प्रश्न सोबत असतो. प्रार्थना करतोच, पण आधी पुरतं ऐकून घेतो.

भाषेचं मात्र स्वतः सांभाळावं लागेल. वर्ग इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, निबंध इंग्रजीत. आणि परत येऊन उपदेश करायचा तो अशा मंडळीला, जिथे मागच्या रांगेतल्या आजी अभंगाच्या चालीवरची भजनं तोंडपाठ म्हणतात. चार वर्षं इंग्रजीत विचार केलेले तरुण पाळक मराठीत उभे राहिले की वाक्यं अडखळतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय आणि जीव तुटतो. खरं तर सेरामपूरइतकं मराठीचं ऋण दुसऱ्या कुठल्या सेमिनरीने फेडलं नसेल. कॅरीचं मराठी व्याकरण 1805 चं, मराठी शब्दकोश 1810 चा, तोही मोडी लिपीच्या खिळ्यांनी छापलेला, आणि मराठी नवा करार 1811 चा. हे सगळं पंडित वैजनाथांच्या मदतीने, महाराष्ट्रापासून इतक्या दूर. म्हणून तिथे असताना दर आठवड्याला एक उपदेश मराठीत लिहा, कुणी मागो न मागो. सुट्टीत गावी आलात की पाळकसाहेबांकडून उपासनेत वेळ मागून घ्या.

तुम्ही बॅप्टिस्ट नसाल तरी अडत नाही. बॅप्टिस्टांची शिकवण अशी की स्वतः विश्वास ठेवणाऱ्यालाच, आणि पाण्यात पूर्ण बुडवून, बाप्तिस्मा द्यायचा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बालबाप्तिस्मा असतो. वर्गात यावर कडाक्याचे वाद होतात आणि ते व्हावेतच. माझ्याबरोबर नागालँडचे बॅप्टिस्ट होते, केरळचे मार थोमा होते, लुथरन होते, असे वेगवेगळ्या पंथांचे. आणि उत्तर भारतातल्या बऱ्याच बॅप्टिस्ट मंडळ्या 1970 मध्ये नागपूरला, अनेक पंथ एकत्र येऊन स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात (सी.एन.आय.) सामील झाल्या. तुमची मंडळी सी.एन.आय.ची असेल तर हा वारसा तुमचाही आहे.

बंगालला जाणं जमत नसेल तरी वाट बंद नाही. 1918 च्या कायद्याने सेरामपूरचं सिनेट, म्हणजे पदव्यांचं काम पाहणारं मंडळ, स्थापन झालं आणि देशभरातली अनेक कॉलेजं त्याला संलग्न आहेत. पुण्यात बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, जे 1983 मध्ये यवतमाळहून तिथे आलं. नोकरी सोडता येत नसेल तर सिनेटचे बाहेरून करायचे अभ्यासक्रमही आहेत, पण पाळक व्हायचंच असेल तर वसतिगृहात राहून शिका. सोबत्यांशी रोज पटवून घ्यावं लागतं, तेही शिक्षणच आहे.

घरच्यांना दोन गोष्टी आधीच स्पष्ट सांगा. एक, पदवी मिळाली म्हणजे पाळक झालात असं नाही. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, तुमचं, पण ते ओळखते मंडळी, आणि पाळकपदाची दीक्षाही तीच देते. सेमिनरी मधल्या वाटेवर आहे. दोन, मानधन बेताचं असतं. बी.कॉम.च्या मित्रांशी तुलना केली तर वाईट वाटेल. लग्न ठरवताना हे समोरच्या घरात लपवू नका.

या वर्षीच अर्ज करायचा असेल तर सुरुवात शिफारसपत्रापासून करा. मंडळीच्या पत्राशिवाय सहसा कुणी दारात उभं करत नाही, आणि ते पत्र पाळकसाहेब एकटे देत नाहीत, कमिटीत ठेवावं लागतं. आपल्याकडे कमिटी किती लवकर बसते ते तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा येत्या रविवारी उपासना संपल्यावर त्यांना गाठा.