फास्टर फेणे संपला, आता चौदा वर्षांच्या मुलीला मराठीत नवीन काय द्यावं?

फास्टर फेणे आवडला असेल तर रहस्यापासूनच सुरू करा. भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' द्या. साहित्य अकादमीचा २०२४ चा बालसाहित्य पुरस्कार हिलाच मिळालाय. पुरस्काराचं नाव 'बाल' म्हणून नाक मुरडू नका. माझ्या भाच्यानं जेवणाच्या ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून वाचलं, आमटीचे डाग अजून आहेत त्यावर.

रोजनिशीची गंमत हवी असेल तर संगीता बर्वे यांची 'पियूची वही' (पुरस्कार २०२२) आहे, पण चौदाव्या वर्षी ती थोडी लहान वाटेल. धाकटं भावंड असेल तर त्याला द्या.

मुलगी गंभीर वाचणारी असेल तर सरळ देविदास सौदागर यांची 'उसवण' हातात द्या. ही मुलांसाठी लिहिलेली कादंबरी नाही. रेडिमेड कपड्यांपुढे शिंप्याचा धंदा कसा बसत जातो, ते त्यात आहे. छोटी आहे, दोन बैठकांत होते. आधी तुम्ही वाचा, मग द्या.

विज्ञानकथेत मात्र मी अजून जयंत नारळीकरांच्याच 'प्रेषित'कडे वळतो. जुनी आहे, चालेल.